‘बदली’च्या मागावर: पिंपळे गुरव ते चाकण

होळीच्या आदल्या सोमवारी, एकोणऐंशी साली, दुसऱ्या पाळीत जेवणाची सुट्टी संपल्यावर मधुकर साळवे या बदली कामगाराची उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. हा झाला अपघात. अन्याय मंगळवारी झाला. हाताला फडकं गुंडाळून तो कारखान्याच्या गेटवर गेला, तेव्हा त्याला सांगण्यात आलं, "तू काल आत नव्हतासच."

कारखाना पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातला आहे. चौकशी होईपर्यंत नाव छापू नका अशी वकिलांची ताकीद आहे आणि मी ती दातओठ खात पाळते आहे.

मी सोलापूरची. माझे वडील गिरणीत बदली होते, त्यामुळे हा शब्द मला बाराखडीच्या आधी आला. कायम कामगार रजेवर गेला की त्या दिवसापुरता त्याच्या जागी जो उभा राहतो तो बदली. भोंग्याआधी वडील गिरणीच्या दारात जाऊन थांबत. त्या दिवसाची माणसं निवडणाऱ्या जॉबरचं बोट त्यांच्याकडे वळलं तर ते आत जात. नाही वळलं तर घरी येताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने येत. आमच्या संघटनेने मला बदली कामगारांवर एक पत्रक लिहायला सांगितलं आणि त्यासाठी मधुकरचं प्रकरण बघून ये म्हणून पाठवलं. पत्रकं मी पुष्कळ लिहिली आहेत. ‘जाहीर धिक्कार’ कुठे टाकायचा ते मला झोपेतही कळतं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पिंपरीला उतरले. सरकारी निरीक्षक अक्षय्य तृतीयेनंतरच्या सोमवारी चौकशी करणार होते. तोवर त्या पाळीतल्या एका तरी माणसाने सांगायला हवं होतं की प्रेसवर मधुकर होता. मी निघाले तेव्हा असा माणूस एकही नव्हता.

पिंपळे

इथे पिंपळे तीन आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी टांगेवाल्याला "पिंपळ्याला" म्हटलं, त्याने पुढचं विचारलं नाही, आणि मला पिंपळे सौदागरला आणून सोडलं. चहूकडे ज्वारीचा कडबा रचलेला, घरांवरच्या गुढ्या उतरलेल्या आणि ओट्यावर एक म्हातारबाबा साखरेच्या गाठीचा तुकडा चघळत बसलेले.

"साळवे? न्हाई बा. कंपनीवाला हाय का?"

"हो."

"मंग गुरवात बघा. कंपनीवाले समदे तिकडं ऱ्हात्यात. ह्ये सौदागर हाय."

नदीच्या कडेकडेने चालत निघाले. वाटेत चपलेचा अंगठा तुटला. सोलापूरच्या उन्हाची बढाई मारणारी मी, पण पवनेकाठची ती तापलेली धूळ अनवाणी तुडवताना माझी बढाई जिरली. पिंपळे गुरवला मधुकरच्या खोलीपाशी पोचले ती चप्पल हातात घेऊन. खोलीच्या दारात त्याची बायको शालन जयंतीचे निळे झेंडे शिवत बसली होती. मला बघताच तिने मशीन थांबवलं आणि उठून दार अर्धं लोटून घेतलं.

"कंपनीतून आलाव का?"

"नाही. सोलापूरहून."

तिने माझ्या हातातल्या चपलेकडे बघितलं. "कंपनीची माणसं चालत न्हाई येत," ती स्वतःलाच म्हणाली आणि दार उघडलं.

मधुकर तिशीच्या आतला, लातूरकडचा. उजवा हात छातीशी धरून बसला होता, जणू तो कुणाचा तरी सांभाळायला दिला आहे.  मी म्हटलं, आमच्या सोलापुरात बदलीला कार्ड असतं, कार्डावर त्याचं स्वतःचं नाव असतं. तुमच्याकडे काय असतं?

तो हसला. "आमच्याकडं दुसऱ्याचं असतं की."

मग त्याने सांगितलं ते असं. इथल्या कायम कामगारांत पुष्कळ जण आसपासच्या गावचे. घरी शेती. काढणी आली, जत्रा आली की त्यांना सुट्टी हवी, आणि कंपनी देत नाही. मग असा कायम कामगार आपला नंबराचा पितळी बिल्ला एखाद्या बदलीला देतो. बदली तो छातीला लावून आत जातो. फोरमनला सगळं ठाऊक असतं आणि त्याची हरकत नसते, कारण काम थांबत नाही. अट एकच. ज्याचा बिल्ला, त्याचं नाव. पाळी संपेपर्यंत सगळे त्याला त्याच नावाने हाक मारणार. साहेब फिरतीवर आला आणि कुणाच्या तोंडून चुकून खरं नाव गेलं तर दोघांचीही भाकरी जायची. म्हणून कोणी चुकत नाही. चेष्टासुद्धा त्याच नावाने होते.

"माझ्यापाशी नामदेव जाधवचा बिल्ला होता," मधुकर म्हणाला. "तेचा कांदा काढायला आलता. चाकणकडचा हाय. लई चांगला माणूस. पोरं मला म्हणायची, काय नामदेवराव, आज केस काळे कशानं झाले? कांद्याला काय भाव? मी पण ठोकून द्यायचो कायतरी."

"आणि बोटं गेली तेव्हा?"

"तेव्हा बी नामदेवच म्हणून वरडले सगळे. नामदेव, हात काढ, नामदेव." तो थांबला. "दवाखान्यात कंपाउंडरनं नाव विचारलं. मी बी नामदेवच सांगितलं, ताई. तोंडातून तेच आलं."

शालन मशीनकडे तोंड करून म्हणाली, "सवय लागली होती. घरी आल्यावर बी कधी कधी खऱ्या नावाच्या हाकेला ओ देत नव्हते."

फोरमनने त्याला टेम्पोत घालून एका खाजगी डॉक्टरकडे नेलं आणि तिथून घरी सोडलं. मंगळवारी गेटवर जे ऐकवलं ते वर लिहिलंच आहे. कंपनीच्या दृष्टीने जखमी झाला नामदेव जाधव. मधुकर साळवेला काही झालेलंच नाही. त्यामुळे त्याला भरपाई नाही आणि औषध नाही. गेटवर उभं राहायची सोयही उरली नाही.

गेटसमोर

मी त्या पट्ट्यात हिंडले तेव्हा एक गोष्ट लवकर शिकले. माणसाला नाव विचारलं की तो घाईत असतो. शब्द विचारला की थांबतो. म्हणून मी सगळ्यांना एकच विचारू लागले: बदलीला तुमच्या भाषेत काय म्हणतात?

गेटसमोर हमीदभाईंचं सायकल-स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे. बदली आपल्या सायकली तिथेच लावतात. आधी त्यांनी माझी चप्पल शिवून दिली, सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून. आमच्याकडे चांभाराखेरीज कोणी चपलेला हात लावत नाही. इथे मेकॅनिक काहीही दुरुस्त करतो.

"बदली का?" ते म्हणाले. "ऐक बेटी. तो शब्द तुमचा नाही, अरबस्तानातून चालत आलाय. बदल. एकाच्या जागी दुसरा. आमच्यात हज-ए-बदल असतो. माझे अब्बा हजला जायचे राहून गेले. म्हणून चाचा गेले त्यांच्या नावानं. स्वतःची हज त्यांनी आधी केली होती. ही दुसरी, अब्बांची. तिथं नीयत करताना नाव घेतात, कुणासाठी आलोय ते. सगळं पुण्य अब्बांना."

"आणि चाचांना?"

"चाचांच्या पायाला फोड आले ना." ते चाकाची तार आवळत होते. "पुण्य ज्याचं नाव घेतलं त्याचं, पण फोड ज्याचे पाय त्याचेच. ते काय बदलता येत नाहीत. घरी आल्यावर चाचीनं महिनाभर तेल चोळलं. अब्बांच्या कबरीवर नाही चोळलं."

त्यांच्या मागे भिंतीला एक काळी सायकल टेकलेली होती. हँडलला जेवणाच्या डब्याची रिकामी पिशवी लटकत होती. ती कुणाची, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं.

"साळवेची. होळीच्या आदल्या सोमवारी लावली, ती अजून तिथंच आहे. मी हलवली नाही. जो माणूस आत गेलाच नाही, त्याची सायकल इथं कशाला राहील, सांग."

मी त्यांना चौकशीला याल का विचारलं. त्यांनी हात पुसले. समोर गेटवरचा वॉचमन आमच्याकडेच बघत होता. हमीदभाईंनी त्याला हात करून चहाला बोलावलं. तो आला नाही.

"सायकल घेऊन येतो," ते म्हणाले. "पण मी आत काय घडलं ते बघितलं नाही. सायकल लावून गेला, न्यायला नाही आला, इतकंच मला माहीत."

इतकंच पुरेसं नव्हतं. आतला माणूस हवा होता.

मधुकरच्या शेजारच्या मशीनवर सेल्वराज नावाचा तमिळ फिटर असतो. तो आकुर्डीच्या एका केरळी खाणावळीत सकाळी भेटला. केळीच्या पानावर इडली, आणि चहाऐवजी स्टीलच्या पेल्यात कॉफी. आमच्या सोलापुरी शेंगाचटणीची आठवण येऊ नये इतकी तिथली नारळाची चटणी चांगली होती. मी शब्दापासूनच सुरुवात केली. त्याला आवडलं.

"हमारे में बदिल बोलते. बदिल मतलब जवाब. चिठ्ठी लिखा, बदिल नहीं आया. और एक के बदले दूसरा, वो भी बदिल. तुम्हारे उधर?"

मी सांगितलं, आमच्या गल्लीत तेलुगू विणकर आहेत. त्यांच्यात बदुलु म्हणजे उसनं. शेजारची पद्माक्का वाटीभर गूळ बदुलु नेते आणि संक्रांतीला तितकाच परत आणून देते, वाटी कधी रिकामी पाठवत नाही. पलीकडच्या कानडी घरात बदलु म्हणजे ऐवजी. आणि सरकारी हापिसात बदली म्हणजे नारळ, शाल आणि निरोपाचा चहा.

सेल्वराज मोठ्याने हसला. "साळवेको किसीने नारियल नहीं दिया."

त्याच्या तोंडून साळवे हे नाव निघालं होतं. त्याच्याही ते ध्यानात आलं. तो कॉफी एका पेल्यातून दुसऱ्यात ओतत राहिला.

मी सरळ विचारलं, "त्या दिवशी प्रेसवर कोण होतं?"

"मॅडम, मेरा घर मदुरैमें है. दो बहन का शादी बाकी है." त्याने पेला खाली ठेवला. "मैं झूठ नहीं बोलूँगा. लेकिन पहला नहीं बोलूँगा. नामदेव खुद बोले तो मैं बोलूँगा."

मला त्याचा संताप आला. लिहायला सोपं आहे की तो भित्रा आहे. पण त्या खाणावळीतून बाहेर पडल्यावर माझ्या मनात आलं ते वेगळंच होतं: मी या सगळ्यांना कुठे ढकलते आहे? नामदेव खरं बोलला तर बिल्ला दिल्याबद्दल त्याची कायम नोकरी जाईल. मधुकरवर खोट्या नावाने आत शिरल्याचा आळ येईल. मी मात्र सोलापूरच्या गाडीत बसून घरी जाईन. हा विचार मला चाकणपर्यंत सोडेना.

चाकणच्या वाटेवर

नाशिक फाट्यावरून एस.टी. मिळते. भोसरी, मोशी, मग इंद्रायणीचा पूल. भोसरीपर्यंत धुरांडी दिसतात आणि पूल ओलांडला की एकदम कांदा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी काढलेल्या कांद्याचे वाफे, पातीने झाकलेले ढीग, हवेत तो तिखट गोडसर वास. चाकणच्या बाजारात गाड्यांची रांग लागलेली होती. बाजारातून नामदेवचं गाव चालत गाठलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे कंपनीची आणखीही माणसं राहतात.

मला वाटलं होतं तो शेतात कामात असेल. तो घराच्या पडवीत घोंगडीवर बसला होता. पन्नाशीकडे झुकलेला, पांढऱ्या केसांचा, दांडगा गडी. आणि त्याच्या उजव्या हाताला मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत पांढरी पट्टी बांधलेली होती.

मला काही क्षण काही समजलंच नाही. याचाही हात गेला की काय, असंच वाटलं.

"काय झालं हाताला?"

"कायबी न्हाई," नामदेव म्हणाला.

त्याची बायको पारूबाई उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "फोरमन येऊन सांगून गेलाय. कागदावर ह्यांची बोटं चेपल्यात, तर ती चेपलेली दिसाया पायजेत. गावात कंपनीची धा माणसं हायती. बांधा आन बसा, म्हनला. बरं वाटलं म्हनून कामावर या, मिटलं." तिने कांद्याच्या शेताकडे हात केला. "समदा कांदा म्या आन जावेनं काढला. ह्यो बाबा हितं बसून बघतोय."

धडधाकट माणूस, भर काढणीत, हात बांधून पडवीत. पिंपळे गुरवला बोटं नसलेला माणूस, ज्याला कंपनीच्या लेखी काहीच झालेलं नाही. मी पत्रकांत पुष्कळ विशेषणं वापरली आहेत. याला मला एकही सापडलं नाही.

पारूबाईने पिठलं, भाकरी आणि ठेचलेला ओला कांदा वाढला. नामदेवला भाकरी कुस्करून दिली. तो डाव्या हाताने जेवत होता, अवघडून, भिंतीकडे तोंड करून. आमच्याकडे डाव्या हाताने जेवणाऱ्या पोराला पाठीत धपाटा बसतो. त्यांच्याकडेही बसत असणार, कारण त्यांच्या पोरांनी बापाकडे बघायचंच टाळलं.

"पट्टी सोडा ना जेवताना. इथे कोण आहे?"

"सोडली तर परत बांधवायची न्हाई माझ्यानं," तो म्हणाला.

"ह्यांचं आनिक एक हाय," पारूबाई म्हणाली. "हाताला खरचटलं बी न्हाई, पर ठनका लागतुया म्हनत्यात. दोन बोटं ठनकत्यात. तीच दोन."

नामदेव तिच्यावर डाफरला, "गप ऱ्हा की." पण ते खोटं आहे असं म्हणाला नाही.

मी मग ज्यासाठी आले होते ते बोलले. चौकशीचा दिवस सांगितला. सेल्वराजचं म्हणणं सांगितलं. हमीदभाईंच्या चाचांचे फोड सांगितले. आणि हेही सांगितलं की नोकरी जाऊ शकते. मी खोटा धीर दिला नाही. त्याने डाव्या हाताने ताट बाजूला सारलं.

"मधुकर कसा हाय?" त्याने शेवटी विचारलं.

"तुम्ही जाऊन बघितलं नाही?"

"कसा जाऊ, बाय? कुठल्या तोंडानं? आन ह्यो हात घेऊन जाऊ? त्येच्या म्होरं?"

मी उठले. एस.टी. चुकेल म्हणून घाईने निघाले, आणि ती चुकलीच. पुढच्या गाडीची वाट बघत फाट्यावर उभी होते, तर नामदेव खांद्यावर कांद्याची गोणी घेऊन आला. डावा हात गोणीला, उजवा पट्टीत.

"बघून तर येतो," तो म्हणाला. "बाकी मी कायबी म्हनलेलो न्हाई."

 मोशीला एक कामगार चढला, त्याने नामदेवच्या हाताकडे बघून चुकचुक केली. नामदेवने हात धोतराच्या घोळात दडवला. 

पुन्हा पिंपळे गुरव

शालनने दार उघडलं आणि ती पट्टी बघितली. मला वाटलं, आता ती आम्हा दोघांनाही हाकलून देणार. चूक तिची नसती. ती बाजूला झाली.

मधुकर उठून उभा राहिला. "नामदेवभाऊ, या की. कांदा निघाला का सगळा?"

"निघाला."

"भाव?"

"बराय." नामदेवने गोणी खाली ठेवली आणि तिथेच उभा राहिला. दोघांचे उजवे हात छातीशी. मधुकरने त्या पट्टीकडे एकदा बघितलं, पण विचारलं काही नाही. त्याला कळलं होतं. त्या पट्ट्यात राहणाऱ्याला ते सांगावं लागत नाही.

शालनने पानं मांडली. बेसन, ज्वारीची भाकरी, आणि नामदेवने आणलेलाच कांदा, बुक्कीने फोडून. नामदेवच्या गावात ही पंगत बसली नसती, हे मला ठाऊक आहे आणि त्या तिघांनाही होतं. साळव्यांच्या घरचं पाणी तिथे कोणी घेत नाही. नामदेव मांडी घालून बसला. मधुकरने डावा हात पुढे केला. गेल्या काही आठवड्यांत त्याला डाव्याने घास घ्यायचं जमू लागलं होतं. नामदेवनेही डावाच हात पुढे केला.

शालन भाकरी वाढता वाढता थांबली.

"तुमी तरी उजव्यानं जेवा, दादा," ती म्हणाली. "तुमचा हाय."

 मग नामदेवने दातांनी पट्टीची गाठ सोडली. पट्टी लांब होती, गुंडाळी उलगडता उलगडता संपेना. खालचा हात पांढराफटक पडला होता, बोटं पाचही. त्याने ती उघडमीट करून बघितली. मग भाकरीचा तुकडा मोडला आणि मान खाली घालून जेवला. मधुकर डाव्याने जेवला. कांदा तिखट होता म्हणून की काय, दोघांनीही वर बघितलं नाही.

जेवण झाल्यावर शालनने ती पट्टी उचलली आणि परत द्यायला पुढे केली. नामदेवने घेतली नाही.

तो सोमवारी चौकशीला येतो असं म्हणाला का? तसं काही म्हणाला नाही. मी विचारलंही नाही. पट्टीशिवाय तो अंधार पडायच्या आत चाकणच्या एस.टी.त चढला, उजव्या हाताने दांडा धरून. गाडीत कंपनीची माणसं असणार, हे त्याला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी सोलापूरला परत आले, आणि तेव्हापासून रोज मनात तेच: गावात त्याला कोणी विचारलं असेल का? फोरमन पुन्हा आला असेल का? पट्टी पुन्हा बांधली गेली असेल का?

अक्षय्य तृतीयेनंतरचा सोमवार अजून यायचा आहे. हमीदभाई सायकल आणणार आहेत. सेल्वराज दुसरा बोलणार आहे, पहिला नाही. पहिला कोण, ते मी इथे लिहू शकत नाही, कारण मला माहीत नाही.

तुम्हाला माझी सहानुभूती नको आहे आणि मधुकरला तुमची नको आहे. तुम्ही कारखान्यात काम करत असाल तर उद्याच्या पाळीला एवढं करा: शेजारच्या मशीनवर दुसऱ्याचा बिल्ला लावून उभ्या असलेल्या माणसाला त्याचं स्वतःचं नाव विचारा, लक्षात ठेवा, आणि त्याला काही झालं तर तेच नाव घेऊन ओरडा. आणि होळीच्या आदल्या सोमवारी, दुसऱ्या पाळीत, त्या प्रेसजवळ तुम्ही होतात, तर अक्षय्य तृतीयेनंतरच्या सोमवारी चौकशीला या, आणि पहिले बोला.